अनुभव आणायचा कुठून?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात ठाणे पुरवणीच्या पहिल्या पानावर 'परिचारिका मिळेनात' ही बातमी वाचली. रात्रपाळीला मुली मिळत नाहीत, मिळाल्या तर टिकत नाहीत, टिकल्या तर आखातात नाहीतर जर्मनीला जातात, अशी रुग्णालय चालकांची व्यथा. वाचून गलबलून आलं. एवढी मोठी माणसं आणि त्यांच्यावर ही वेळ! आपल्या प्रतिनिधीनं चालकांना गाठलं, डॉक्टरांना गाठलं, एक 'तज्ज्ञ'ही गाठले. नुकतीच पास झालेली एखादी मुलगी तेवढी त्यांना सापडली नाही. अशी एक आमच्या घरी, कळव्यात आहे. पत्ता हवा असेल तर कळवतो.

ती माझी भाची, मुरबाडकडची. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, पहिल्या वर्गात पास, नर्सिंग परिषदेचा नोंदणी क्रमांकही हातात आहे. भावोजींनी फीसाठी पतपेढीचं कर्ज काढलं, ते अजून फिटतंय. आणि पोरीला पहिली नोकरी लागत नाही, कारण तिला अनुभव नाही.

घोडबंदर रोडवरच्या एका रुग्णालयात मी तिच्याबरोबर गेलो होतो. नाव लिहीत नाही, लिहिलं तरी आपण छापणार नाही. तिनं आपलं प्रोसिजर बुक, म्हणजे शिकताना केलेल्या कामांची वही, पुढे केलं. आपण ते पाहिलंय की नाही माहीत नाही. प्रत्येक पानावर आखलेला तक्ता असतो: तारीख, वॉर्ड, पेशंटचा नंबर, काय केलं, आणि शेवटच्या रकान्यात इनचार्ज सिस्टरची सही. सलाईन लावली, कॅथेटर घातला, नाकातून नळी टाकली, ड्रेसिंग केलं. बाळंतपणाच्या पानांवर तर बाळाचं वजन आणि जन्माची वेळसुद्धा. एचआरच्या मॅडमनी ते उघडलंही नाही. ''हे स्टुडंट असतानाचं ना? ते आम्ही धरत नाही. दोन वर्षं तरी लागतात.''

मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, ट्रेनी म्हणून घेऊ. महिना नऊ हजार, सहा महिन्यांनी बघू, मूळ प्रमाणपत्रं ऑफिसात जमा, दोन वर्षांचा बाँड. मी विचारलं, ट्रेनीला काम काय? म्हणाल्या, ''काम सेमच असतं, सर. रात्री तीस बेडला दोघी असतात.'' म्हणजे पेशंटसाठी सिस्टर आणि पगारपत्रकात ट्रेनी. आमच्या सोसायटीचा वॉचमन बारा हजार घेतो, आणि त्याची दहावीची मार्कशीट आम्ही कपाटात कोंडून ठेवलेली नाही.

खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या वर्षाला असताना हिची पोस्टिंग नवी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात होती. रात्री वॉर्डात एक स्टाफ सिस्टर आणि चार विद्यार्थिनी. टेंपरेचर, बीपी, इंजेक्शनं, रात्री दोन वाजता बेल मारणारा पेशंट, सगळं ह्याच पोरींकडे. सिस्टर बिचारी फाईली लिहीत बसायची. पास झाल्यावर भाचीनं तिथेच अर्ज केला. उत्तर आलं, 'आम्ही फ्रेशर घेत नाही.' कशाला घेतील? नवी बॅच आलीच होती. ज्या कॉलेजांना स्वतःचं रुग्णालय नसतं ती मुलींना अशीच बाहेर पाठवतात, आणि त्याबद्दल रुग्णालयाला वर पैसेही मोजतात. हात फुकटात मिळतात, शिवाय कॉलेजकडून फी. तेच काम करणारी मुलगी पगार देऊन ठेवायला ते काय खुळे आहेत? तीन वर्षं जिच्या जिवावर वॉर्ड चालवला, ती पास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बिनअनुभवी होते. टंचाईची बातमी करायची तर इथून सुरुवात करायची होती.

कोविडात हे नखरे कुठे होते? मे २०२१ मध्ये केंद्रानं शेवटच्या वर्षाच्या, परीक्षा बाकी असलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींनाही कोविड ड्युटीला लावायची मुभा दिली होती. तेव्हा 'स्टुडंट असतानाचं' चाललं. त्याआधी आपण सगळ्यांनी गॅलरीत उभं राहून थाळ्याही बडवल्या होत्या. मीही बडवली.

पगाराचं म्हणाल तर २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितल्यावरून केंद्रानं समिती नेमली. तिनं शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना २० हजारांच्या खाली देऊ नये, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेएवढा पगार द्यावा. केरळनं २०१८ साली किमान वेतन २० हजार करून टाकलं. आपल्याकडे तो कागद कुठल्या फायलीत झोपलाय, हे आपल्या प्रतिनिधीनं मंत्रालयात विचारावं. चालकांच्या केबिनमध्ये चहा चांगला मिळतो हे मान्य, पण मंत्रालयातही कॅन्टीन आहे.

भाची सध्या घरोघरी परिचारिका पुरवणाऱ्या एका ब्युरोतर्फे हिरानंदानी वसाहतीत एका आजींच्या घरी बारा तासांची ड्युटी करते. भरवणं, डायपर, कूस बदलणं, शुगर तपासणं. कामाला कमीपणा नाही, आजींचाही तिच्यावर जीव आहे. पण हा अनुभवही रुग्णालयं धरत नाहीत, हे तिला परवा फोनवर कळलं. आखातात जाते म्हणावं तर तिकडेही बहुतेक ठिकाणी रुग्णालयातलाच अनुभव मागतात. तेव्हा आपल्या बातमीतल्या त्या पळून जाणाऱ्या मुली ह्या नव्हेत, एवढं चालकांना कळवा.

आणि हो, त्याच पुरवणीच्या तिसऱ्या पानावर एका नर्सिंग इन्स्टिट्यूटची अर्ध्या पानाची जाहिरात होती, 'शंभर टक्के नोकरीची हमी'. पहिल्या पानावर टंचाई आणि तिसऱ्यावर हमी, जुळणी छान झाली होती. ही हमी नेमकी कोणी दिली आणि किती जणींना मिळाली, हे जाहिरात घेताना कोणी विचारत असेल असं वाटत नाही.

जाता जाता, घोडबंदरच्या बसबद्दल. दुपारपाळीच्या मुली आठला सुटतात, हँडओव्हर देऊन बाहेर पडायला नऊ होतात. त्या वेळी स्टेशनकडे येणारी टीएमटीची बस एकतर येत नाही किंवा दाराला माणसं लोंबकळत येते, आणि रिक्षावाले कळवा म्हटलं की मान फिरवतात. हे खरं तर वेगळं पत्र व्हायला हवं. पण बसबद्दलचं मागचं पत्र आपण छापलंच नाहीत, म्हणून ह्यातच घातलं.

कळावे,
एका परिचारिकेचा मामा
कळवा, ठाणे