बाळाचे कान टोचण्याआधीचे मलम

मा. संपादक,

बारशाला किंवा त्यानंतर लवकरच बाळाचे कान टोचायचे, ही आपली जुनी पद्धत. आता त्यात एका ट्यूबची भर पडली आहे. बाळाला दुखू नये म्हणून आधी पाळ्यांना बधिर करणारे मलम लावतात. हेतू चांगलाच आहे, पण लिग्नोकेन आणि प्रिलोकेन (प्रत्येकी अडीच टक्के) असलेले हे औषध थंडीतल्या व्हॅसलीनसारखे चोपडले जाते, हे धोक्याचे आहे.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ते जास्तीत जास्त १ ग्रॅम, १० चौरस सेंटिमीटर त्वचेवर, एकच तास ठेवायचे. तेही २४ तासांत एकदाच. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत पिळलेले मलम साधारण अर्धा ग्रॅम भरते. दोन्ही पाळ्यांना, पुढून-मागून, तेवढे पुरते. ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाला ते लावूच नये.

इतके मोजूनमापून का? प्रिलोकेनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन करतो आणि ते ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. मोठ्यांच्या रक्तातले एन्झाइम ते पुन्हा मूळपदावर आणते. तान्ह्या बाळात हे एन्झाइम कमी असते. मग ओठ आणि नखे निळसर-राखाडी होतात, ऑक्सिजन लावूनही रंग परतत नाही, रक्त चॉकलेटी दिसते. मलम पुसल्यावर काही तासांनीही हे होऊ शकते. घरात कोणाला जी-सिक्स-पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असेल किंवा बाळाला सल्फाचे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवे.

गडबड बहुतेक वेळा घाईतून होते. मलम लावून दहा मिनिटांत टोचतात, बाळ किंचाळते, मग ‘लागू पडले नाही’ म्हणून दुसरा थर चढतो. खरे तर बधिरपणा यायला तासभर लागतो. पाळी स्वच्छ, कोरडी करून मलमाचा जाडसर थर न चोळता ठेवावा, वर पारदर्शक चिकट ड्रेसिंग लावावे आणि घड्याळ बघावे. तासानंतर पुसले की पाळी पांढुरकी दिसते, त्याला घाबरू नये. कानाच्या छिद्रात मात्र मलम जाता कामा नये; पडदा फाटलेला असेल तर आतल्या कानाला इजा होते. बाळाची मूठही सांभाळावी. मलम डोळ्यात गेले तर डोळा बधिर होतो आणि बुबुळाला ओरखडा गेला तरी कळत नाही. खरे सांगायचे तर बाराव्या दिवसाचा हट्ट सोडून, दीड महिन्याची लस झाल्यावर, बाळाला अंगावर पाजता पाजता कान टोचणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

मोठ्यांनीही बेफिकीर राहू नये. लेझरने केस काढण्याआधी पायभर तीव्र मलम फासून वर प्लास्टिक गुंडाळलेल्या दोन तरुणींचा मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २००७ मध्ये इशारा दिला होता. प्लास्टिक आणि उष्णतेमुळे औषध भराभर रक्तात उतरते. किडा चावल्यावर किंवा किरकोळ खरचटल्यावर वापरायचे ५ टक्के लिग्नोकेनचे मलम मोठ्यांनी एका वेळी ५ ग्रॅमपेक्षा जास्त लावू नये, आणि बधिर जागेवर गरम पिशवी तर मुळीच नको. भाजल्यावर आधी २० मिनिटे नळाचे वाहते पाणी. दात येताना बाळाच्या हिरड्यांना बधिर करणारे जेल चोळू नये.

तोंडाभोवती मुंग्या, कानात गुणगुण, चक्कर, थरथर किंवा ओठांचा बदललेला रंग दिसला की मलम लगेच पुसून साबण-पाण्याने धुवावे आणि थेट हॉस्पिटल गाठावे. ट्यूब सोबत न्यावी. किती वाजता, किती आणि कुठे लावले ते सांगावे.

– एक फार्मासिस्ट, सातारा