तिकिटावर प्रवासाचे खरे तास छापा

प्रति,
मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री, नवी दिल्ली

महोदय,
सा. न. वि. वि.

उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, विमानाने मुंबई गाठायची आणि तिथून दुबई, हा कोल्हापूरकरांच्या ओळखीचा प्रवास. समजा, तिकिटावर लिहिले आहे: मुंबईहून सकाळी 10:00, दुबईत 11:45. नवखा माणूस पावणेदोन तास धरतो, पण हा प्रवास सव्वातीन तासांचा आहे. दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात आणि दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे. परतीला दुपारी 1:00 ला निघून 5:30 ला मुंबई, म्हणजे दिसायला साडेचार तास, प्रत्यक्षात तीन.

उरलेला पाव तासाचा फरक बहुतेक वाऱ्याचा. हिवाळ्यात उत्तर भारतावर आणि त्याच्या आसपास, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. ताशी 830 किमी वेगाच्या विमानाला समोरून 100 किमीचा वारा लागला, तर 1,900 किमी कापायला 2 तास 36 मिनिटे लागतात. तोच वारा पाठीशी असेल तर 2 तास 3 मिनिटे. म्हणून 'मुंबई-दुबई किती तास?' या प्रश्नाला एकच आकडा हे उत्तर होऊ शकत नाही. शिवाय विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ तिकिटात धरलेला असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, आणि उड्डाणाआधीच्या रांगेत किती मिनिटे जातील याचा नेम नसतो.

अंतराचेही तसेच. मुंबई-दुबई सुमारे 1,930 किमी हे पृथ्वीच्या गोलावरचे सर्वांत जवळचे अंतर आहे, विमान नेमके त्याच रेषेवरून जाते असे नाही. दिल्ली-ताश्कंद असे मोजले तर जेमतेम 1,600 किमी भरते. पण एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि वळसा इतका वाढला की इंडिगोला ताश्कंद आणि अल्माटीची उड्डाणे थांबवावी लागली. विमानांचा पल्लाच पुरेना.

सर्वांत जास्त नुकसान मात्र मध्यरात्रीच्या विमानांत होते. 15 तारखेचे 00:20 चे विमान म्हणजे 14 च्या रात्रीच विमानतळावर हजर राहायचे. हे न कळल्याने माणूस एक दिवस उशिरा पोचतो आणि तिकीट वाया जाते.

आमची मागणी एवढीच: नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम करून प्रत्येक आंतरराष्ट्रीय तिकिटावर एकूण प्रवासाचे तास-मिनिटे ठळक छापायला लावावीत. दोन्ही वेळांपुढे 'भारतीय वेळ', 'दुबईची वेळ' असे स्पष्ट लिहावे. रात्री बारा ते तीनच्या विमानांसाठी विमानतळावर पोचण्याची तारीख आणि वार वेगळा द्यावा, तोही मराठीत. आणि कंपन्यांनी प्रत्येक मार्गावर गेल्या वर्षी प्रत्यक्षात लागलेला वेळ, जाण्याचा वेगळा आणि येण्याचा वेगळा, महिनावार जाहीर करावा. केवळ वेळापत्रकाशी तुलना करून चालत नाही, कारण कागदावरची वेळ आधीच वाढवून ठेवली की उशीर झालेले विमानही वक्तशीर ठरते.

उजळाईवाडीहून मुंबईपर्यंतचे आणि पुढचे तिकीट वेगवेगळे काढले असेल, तर मुंबईत सामान स्वतः घेऊन पुन्हा जमा करावे लागते. पहिले विमान चुकवले किंवा उशिरा आले, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. ही सूचनाही पैसे भरण्याआधी दिसली पाहिजे, नंतर नव्हे.

आपले नम्र,
कोल्हापुरातील विमान तिकीट व्यवसायातील मंडळी