म्हापशाच्या काकांना, डिचोलीहून

काका, सादर नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुमच्या दुकानातून ज्यांनी एखादा तरी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून नेला असेल, ते ओळखतीलच.

गेल्या मे महिन्यात मी आले तेव्हा माझ्या हातात घरी बीट बनवायच्या सामानाची यादी होती. आठ इंची मॉनिटर स्पीकरची जोडी, 61 पट्ट्यांचा सिंथ, कंडेन्सर माइक, ड्रम मशीन. दोन वर्षं साठवलेले 60,000 रुपये होते आणि वर थोडे उसने घ्यायची तयारी होती. तुम्ही यादी वाचलीत, घडी घालून परत दिलीत आणि एवढंच विचारलंत, "खोली केवढी?" दहा बाय दहा, चिऱ्याच्या भिंती, असं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "पयलीं आयक, मागीर घे. आयताराक येतां."

आणि रविवारी खरंच आलात. पिशवीत एक स्पीकर घेऊन, बसने.

तो अर्धा तास मी विसरणार नाही. फोनवरून तुम्ही एकच सूर सोडलात, 40 हर्ट्झपासून हळूहळू वर नेत. छप्पन्नच्या आसपास खिडकीची तावदानं थरथरली. "आता कोपऱ्यात जा," म्हणालात. कोपऱ्यात तो सूर छातीवर बसला. "आता मधोमध ये." मधोमध आले आणि सूर जवळजवळ नाहीसाच झाला. स्पीकर तोच, आवाजाचं बटणही तिथेच! मग तुम्ही जमिनीवर बोटाने रेघ ओढून दाखवलीत: दहा फूट म्हणजे तीन मीटरला थोडं वर, 56 हर्ट्झची लाट त्याच्या दुप्पट लांब, म्हणून नेमकी अर्धी लाट दोन भिंतींत अडकते. त्यात खोली चौरस, म्हणजे लांबीची आणि रुंदीची अशा दोन्ही लाटा एकाच सुरावर येतात. किक ड्रमचा गाभा साधारण इथेच असतो. त्या खोलीत आठ इंची स्पीकर लावले असते, तर वर्षभर मी खोलीचाच आवाज ऐकून बीट बिघडवत बसले असते. स्पीकरची ओळ तिथल्या तिथे खोडली आणि कान पूर्ण झाकणारे बंद हेडफोन लिहिले.

मग तुम्ही दादाला त्याचं घुमट, ते मडक्याला कातडं ताणलेलं वाद्य, वाजवायला सांगितलंत. माझ्या जुन्या लॅपटॉपमधून त्याला बीट ऐकवत होतो आणि त्याचंच वाजवणं हेडफोनमधून त्याला परत येत होतं. दादा दोन आवर्तनांत थांबला. "मागे पडतं," म्हणाला. मी समजले, त्याचाच हात चुकतोय. तुम्ही सेटिंग उघडून आकडा दाखवलात: बफर 1024, म्हणजे लॅपटॉप आवाजाचे इतके नमुने साठवून मगच पुढे सोडतो. सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या हिशेबाने ते एकवीस मिलिसेकंद होतात, तेही फक्त एका खेपेचे, आवाजाला तर आत जाऊन परत यायचं असतं. बफर कमी केला की त्या लॅपटॉपमधून नुसती खरखर. दोन इनपुटांचा साधा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी, आणि त्याचा स्वतःचा ड्रायव्हर आल्यावर 128वर निभावतं. आता दादा डोळे मिटून वाजवतो.

कंडेन्सर माइकही तुम्ही काढायला लावलात. अंगणातला पाऊस, शेजारचा पंप, कौलांवरची मांजरं, तो माइक सगळंच टिपणार. त्याऐवजी साधा डायनॅमिक माइक आणला. तो तुम्ही कातड्यासमोर न धरता घुमटाच्या उघड्या तोंडाजवळ, थोडा तिरका लावलात, कारण डाव्या तळव्याने ते तोंड झाकत-उघडत घुमटाचा खर्ज घडतो. पहिल्याच टेकला दादाने माझ्याकडे बघितलं. घुमट आत असतं तसंच बाहेर आलं होतं.

यंत्राच्या बाबतीत तुम्ही मला हिंदी चित्रपटांच्या गाण्यांत वाजवणाऱ्या चरणजित सिंगांचं सांगितलंत. 1982 साली मुंबईत टीआर-808 हे ड्रम मशीन, टीबी-303 हे बेसचं यंत्र आणि ज्युपिटर-8 हा सिंथ, एवढ्या यंत्रांवर त्यांनी अख्खी तबकडी रागांवर उभी केली. म्हणून मीही एकच यंत्र घेतलं: वापरलेलं कॉर्ग व्होल्का सॅम्पल, मुद्रित आवाजांचे तुकडे तालात वाजवणारं. एका वेळी दहा आवाज, तालाच्या सोळा पायऱ्या आणि सगळे नमुने मिळून जेमतेम 65 सेकंद. ही 65 सेकंदांची अट मला फार आवडते. दादाच्या चाळीस थापांतून अकरा निवडताना मी घुमट पहिल्यांदा नीट ऐकलं. सहा मात्रांची चाल बसेना, तेव्हा चार पायऱ्या गाळून बारा केल्या आणि बसली.

त्या यंत्राचा अडॅप्टरही आठवतो. विकणाऱ्याने सोबत दिला होता, 9 व्होल्टचा. मी लावणारच होते. तुम्ही हात धरलात, चष्मा कपाळावर सरकवून त्यावरचं छोटं चित्र दिव्याखाली धरलंत. मधल्या टोकाला उणे. तो गिटारच्या पेडलचा होता आणि या यंत्राला मध्ये अधिक लागतं. पेन्सिल सेल घालून आपण यंत्र तपासलं. एकेक खुंटी फिरवून खरखर ऐकली आणि जी दोन खरखरली त्यांच्यावर तुम्ही स्वतःचा क्लीनर मारलात. पैसे घेतले नाहीत.

सगळं मिळून खर्च साठ हजारांच्या निम्म्याच्याही खाली राहिला. उसने घ्यावे लागले नाहीत. पण आभार मानायचे ते वाचलेल्या पैशांसाठी नव्हेत. यादी घेऊन आलेल्या मुलीला तुम्ही काय घ्यायचं ते सांगितलं नाहीत, तिच्या घरी येऊन तिला ऐकायला लावलंत. दुकान चालवणाऱ्या माणसाने विक्री सोडून एक रविवार द्यावा, हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पावसाळ्यासाठी तुम्ही दिलेला हवाबंद डबा जपून वापरते. सिलिका जेल दोनदा गुलाबी झालं, दोन्ही वेळा तव्यावर मंद आचेवर परत निळं केलं. जुलैभर भिंतींना ओल होती, यंत्राच्या खुंट्या मात्र अजून गुळगुळीत फिरतात.

चवथीला आमच्याकडे या, काकींना घेऊन. आई नेवऱ्या करणार आहे. गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली दादा आणि त्याची मुलं आरत्या म्हणतील, तेव्हा यंत्र बंदच असेल. रात्री सगळे पांगले की त्याच खोलीत, नेमकं मधोमध नव्हे तर तुम्ही खडूने खूण केलेल्या जागी, खुर्ची मांडून ठेवते. हेडफोनही.

तुमची,
डिचोलीची मुलगी