नारायणगावच्या मेकॅनिकदादांचे आभार

विज्ञान दिनाला सातवीची मुलं घेऊन खोडदची रेडिओ दुर्बीण बघायला निघालो आणि पुणे-नाशिक रस्त्यावर बसचा फॅनबेल्ट तुटला. इंजिन तापलेलं, मुलं कंटाळलेली. टोमॅटोचे रिकामे क्रेट नेणारे एक पिकअपवाले काका आपणहून थांबले, नारायणगावातून मेकॅनिकदादांना बेल्टसकट घेऊन आले आणि चहालाही न थांबता निघून गेले.

दादांनी बेल्ट चढवला, मग मुलांना रांगेत बोलावलं. "अंगठ्यानं मधोमध दाबा. अर्धा इंच दबला तर ताण बरोबर. फार घट्ट केला तर बेअरिंग जाईल, सैल राहिला तर पंखा नीट फिरणार नाही." एकूण एक मुलाला दाबू दिलं, मागे राहिलेल्या बुजऱ्या मुलीलासुद्धा. (मी मात्र घड्याळ बघत होते.)

खोडदला ४५ मीटर व्यासाच्या अँटेनाखाली त्याच मुलीनं बेल्ट दाबून काळ्या झालेल्या अंगठ्यानं वर दाखवत विचारलं, "हिला पण बेल्ट आहे का?" तिथल्या ताईंनी तिला मोटर आणि गिअर सावकाश समजावले. त्यांचेही आभार.

दादा, तुमचा बारा-तेराचा पाना आमच्या बसमध्ये राहिलाय. पुढच्या फेरीत आणून देतो.