लातूरहून मिरजेच्या चाचांना

चाचा, सादर नमस्कार.

मी लातूरची तंबोरावाली. गोधडीत गुंडाळलेला, तडा गेलेला तंबोरा दुरुस्तीला घेऊन आलेली आणि तुमच्या दुकानाच्या पायरीवरूनच ‘आज होईल ना?’ असं विचारणारी. नाव लिहायचं नाही अशी तुमची अट आहे. ‘नाव कशाला, सतारमेकर गल्लीत कुणालाही चाचा म्हणा, मान वळतीच,’ असं म्हणाला होतात. म्हणून नुसतं चाचा. पत्र मात्र उघड लिहितेय, कारण मी केला तो मूर्खपणा आणखी चारजण करत असतील.

तंबोरा माझ्या आत्याचा. काळी चारच्या पट्टीचा, बायकी गळ्याचा, तिनं मिरजेहूनच आणलेला. संध्याकाळी घरी पाच-सहा मुली शिकायला यायच्या, त्यात भाची म्हणून मी फुकट. गाणं मला आलं नाही. आत्या गेल्यावर तंबोरा माझ्याकडे आला आणि मी तो कपाटावर उभा करून ठेवला, स्लॅबला टेकेल इतक्या उंचावर, तारा चढवलेल्या तशाच. लातूरचा मे महिना. एका दुपारी ‘टक्’ असा आवाज आला. मला वाटलं पाल पडली. दोन दिवसांनी खोळ काढली तर घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात तिच्या) पायापासून खाली लंगोटाकडे, म्हणजे तारा खाली अडकवतात तिथवर, वीतभर तडा.

इथल्या एका दुकानात सांगितलं, तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) गेली, नवीन टाका. ते पटलं नाही म्हणून घरातला पांढरा डिंक तड्यात ओतला, वरून चिकटपट्टी लावली आणि दाब हवा म्हणून फडकं घालून वरवंटा ठेवला. हो, पाट्यावरचाच. आठवड्यानं तारा चढवल्या, तर तडा होता तिथेच आणि तंबोरा खरखरायला लागला. जवारीची, म्हणजे तार घोडीला हलकी घासून गुंजते तिची, खरखर वेगळी, ही फुटक्या मडक्याची होती.

मग गाडी धरली. कुर्डुवाडीहून मिरजेकडे येताना पंढरपूर लागतं. तंबोऱ्याचे भोपळे त्याच भागात पिकतात, हे तेव्हा मला कुठं ठाऊक? तुम्ही भोपळ्यावरून हात फिरवत म्हणालात, ‘माहेरावरून आला म्हणायचा.’ आणि लातूर म्हटल्यावर हसलात. 2016 च्या एप्रिलमध्ये आमच्या गावाला पाण्याची रेल्वे आली ती मिरजेहूनच. ‘पाणी इथनं नेलासा, तरी लाकडाला थेंब दिला न्हाईसा!’ त्या वाक्यानं माझा धीर परत आला. नाहीतर तुम्ही तबलीवर बोटाच्या पेरानं टकटक करत, कान लावून गप्प बसला होतात, तेव्हा माझं पाणी पाणी झालं होतं.

तडा का गेला, ते तुम्ही एका दमात सांगितलंत. हवा कोरडी झाली की लाकूड आक्रसतं, ते रेषांच्या आडव्या अंगानं. भोपळा त्याच्या चालीनं आक्रसतो, तुणीच्या लाकडाची तबली तिच्या चालीनं. तबली कडेनं चिकटवलेली, तिला सरकायला जागा नाही. त्यात घोडीवर चार तारांचा रात्रंदिवस दाब. मग जिथं नरम सापडेल तिथं रेषेरेषेनं फाटते. ‘तुम्ही काही केलं न्हाई, ताई. केलं ते नंतर.’

नंतरचं म्हणजे डिंक. त्याबद्दल तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत, आणि हे पत्र मुख्य त्यासाठी आहे. तबली बदलून हवी तर ‘दोन दिवसांचं काम, देतो की,’ म्हणालात, ‘पण मग आत्याचा तंबोरा म्हणू नका.’ मी नको म्हटलं. तेव्हा स्टूल पुढे सरकवलंत आणि बसा म्हणालात.

तबली उचलताना मी डोळे मिटले होते. जुना जोड सरसाचा (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदाचा), त्यामुळे गरम केलेली पातळ पाती कडेकडेनं फिरली आणि तबली झाकणासारखी सुटली. आत काय असेल याची मला फार उत्सुकता होती, एखादी चिठ्ठी, कुणाची सही. धूळ निघाली आणि एक वाळलेला कोळी.

मग दोन दिवस तुम्ही फक्त माझा डिंक काढलात. गरम पाण्याचं फडकं ठेवायचं, डिंक मऊ होईपर्यंत थांबायचं, हॅक्सॉच्या मोडक्या पात्याचा धार लावलेला तुकडा तड्यात घालून एक धागा बाहेर ओढायचा. पुन्हा फडकं. लाकडाचा एक कण निघता कामा नये, कारण कड झिजली की सांधा बसत नाही. मधेच तुम्ही भिंगातून दाखवलंत, लाकडाच्या रंध्रांत पांढरं पापुद्र्यासारखं बसलं होतं. त्यावर सरस धरत नाही. आणि डिंक स्वतः ताणाखाली हळूहळू सरकत राहतो, म्हणून माझा जोड तारा चढताच उघडला. सरसाचं तसं नाही. तो कडक वाळतो, पण गरम पाण्यानं कधीही सुटतो. ‘पन्नास वर्षांनी कुणी उघडलं तर त्याला शिव्या द्यायला लागू नयेत,’ असं तुम्ही म्हणालात. मी कुणाला तरी शिव्या द्यायला लावल्यात, हे मला बरोबर कळलं.

पुढचं काम भराभर झालं, निदान बघणाऱ्याला तसं वाटलं. तडा दाबून मिटवायचा नाही, कारण आक्रसलेलं लाकूड ओढून आणलं तर शेजारी फाटेल. म्हणून माळ्यावरच्या एका मोडक्या तंबोऱ्याच्या तबलीतून कपची काढलीत, रेषेला रेष जुळवून बसवलीत. पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून सरस तापवला (त्याचा वास माझ्या ओढणीला अजून आहे). आतून तीन पट्ट्या, तड्याला आडव्या, बिस्किटापेक्षा पातळ. मी म्हटलं, जाड लावा की, मजबूत होईल. ‘मजबूत पाट पण असतोय,’ म्हणालात. तबली परत बसवून सगळा भोपळा सुतळीनं आवळला आणि सुतळीखाली लाकडी पाचरी ठोकल्या. मला वरवंटा आठवला. सांगितलं नाही.

आठ दिवसांनी पुन्हा आले तेव्हा स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा (लाखेचा) शेवटचा हात झाला होता. रेघ दिसते. गडद रंगानं झाकता आली असती, पण पुढं तिथंच डाग पडतो म्हणालात. राहू दे.

आणि जवारी. तारा चढवून पहिल्यांदा छेडल्या तेव्हा आवाज मेलेला. माझा चेहरा बघून ‘अजून तोंड उघडलं न्हाई त्यानं’ एवढंच बोललात. तारा ढिल्या, घोडीवर कानशीचा एक हात, पुसणं, तारा परत वर, कान. असं किती वेळा, मी मोजायचं सोडून दिलं. शेवटी तारेखाली सूत घालून केसभर पुढं सरकवलंत आणि आवाज फाकला. चौथी, पितळेची खर्जाची तार वाजली आणि तिच्या वर, कुणीही न लावलेला गंधार उभा राहिला.

आत्या रोज विचारायची, ‘गंधार ऐकू येतोय का गं?’ बाकीच्या मुली हो म्हणायच्या म्हणून मीही हो म्हणायचे. सहा वर्षं खोटं बोलले, चाचा. तुमच्या दुकानात, बाहेर रिक्षाचा हॉर्न चालू असताना, पहिल्यांदा ऐकू आला.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याबद्दल मी अभिनंदन केलं तर तुम्ही मान हलवलीत आणि मुलाला खुंटी घासायला सांगितलीत. म्हणून इथं जास्त लिहीत नाही. वाचणाऱ्यांना एवढंच सांगते की तडा दिसला तर तारा सैल करा, आत काहीही ओतू नका आणि जाणत्या हाताकडे घेऊन जा.

आमचा तंबोरा आता कपाटावर नाही. आतल्या भिंतीशी आडवा, उन्हाळ्यात शेजारी पाण्याचं घमेलं. वाजवून झाला की तारा थोड्या उतरवते, तुम्ही दाखवलंत तितक्याच.

बिलावर तुम्ही तीनच ओळी लिहिल्या होत्या: तडा, जवारी, तारा. डिंक काढायचे दोन दिवस त्यात नव्हते. मी विचारलं तर म्हणालात, ‘ते लाकडाचं काम नव्हतं.’ मग खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढून माझ्या हातात दिलीत. आत पांढऱ्या डिंकाचे वाळलेले धागे, चिमूटभर. ‘हे तुमचं. घेऊन जावा.’

पुडी स्वयंपाकघरात आहे, वरवंट्याच्या मागे.

तुमची,
लातूरची तंबोरावाली