घासताना पाणी चालू ठेव

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

खडे घासून दागिने करण्यासाठी नोकरी सोडल्याचे तू काल फोनवर सांगितलेस आणि मी बोलू नये ते बोलून गेले. "दगडांवर पोट भरते का," हे शब्द खरे तर तुझ्या आजोबांचे. पण ते माझ्या तोंडून यावेत याचे मला रात्रभर वाईट वाटले. नोकरीचे जाऊ दे. बोलताना तू तीनदा खोकलास. अकीकाचा खडा घासताना पाणी चालू ठेवतोस ना?

याविषयी लिहायचे नाही असे ठरवूनच बसले होते. दहा वर्षांचा असताना तू गारगोटीने कपाटाच्या काचेवर लांबच लांब ओरखडा काढलास आणि मी कान धरला, तेव्हा खनिजतज्ज्ञ मोस यांच्या १८१२ सालच्या एक ते दहा कठीणतेच्या श्रेणीवर गारगोटी सात आणि काच साधारण साडेपाच, म्हणून असे होणारच, हे तू हुंदके देत मलाच समजावलेस. ती काच मी अजून बदललेली नाही.

तू पाठवलेल्या अंगठीचे कोंदण इतके नेमके बसले आहे की साडीचा धागासुद्धा अडकत नाही. पण फ्लोराइटचा तो जांभळा खडा महिनाभरात निस्तेज झाला. त्याची कठीणता चार. घरातल्या साध्या धुळीतही गारगोटीचे कण असतात, त्यामुळे नुसते पुसले तरी त्यावर चरे पडतात. असे मऊ खडे कानात किंवा गळ्यात शोभतात, अंगठीला निदान सातचा खडा हवा, हे तुला ठाऊक असूनही रंगाच्या मोहात पडलास. गिऱ्हाईक आईसारखे गप्प बसणार नाही. शिवाय किंमत लावताना तू चांदी आणि खडा धरतोस, पण ८० नंबरच्या खरखरीत चाकापासून ३००० नंबरच्या गुळगुळीत चाकापर्यंत घासत बसलेले तास धरत नाहीस, आणि मोडलेले खडे तर तुझ्या हिशेबात कधीच नसतात. पुन्हा शिकवायला लागले. माफ कर.

तरीही एवढे ऐकच. गारगोटी, अकीक, जास्पर, सगळे मुळात सिलिका, वाळूत असते तेच. पाण्याविना घासले की उडणारी त्यांची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात खोल जाऊन व्रण करते, ते व्रण पुन्हा भरून येत नाहीत, आणि त्रास बहुधा कैक वर्षांनी जाणवतो. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही. बारीक धुळीसाठीचा घट्ट बसणारा मास्कच हवा. खोली कोरडी झाडू नकोस, ओल्या फडक्याने पुस, आणि त्या कपड्यांनिशी अंथरुणावर पडू नकोस. लहानपणी पडायचासच, खिशांत खडे घेऊन.

मावशी तिकडे येते आहे, तिच्याबरोबर मास्क पाठवत आहे. यांनी काल काही न बोलता तुझी अंगठी भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिली. डॉक्टरांकडे जाऊन आलास की ते काय म्हणाले ते आधी कळव, मग धंद्याचे बोलू.

तुझी,
आई