तीन रेकॉर्डच्या पेटीबद्दल काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

‘बीटल्स’ या बँडमधले गायक-गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांच्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या १९७० सालच्या अल्बमला मी जिन्यात उभ्या उभ्या ‘लांबलेला आणि गजबजलेला’ म्हणाले होते. ते मत विरार लोकलमध्ये, फोनवर, निम्मी गाणी पुढे ढकलत ऐकून बनवलेले होते. आपण वाद घातला नाहीत. सलग तीन रविवार दुपारचा वेळ मला दिलात आणि तिन्ही रेकॉर्ड मऊ फडक्याने पुसून, एकेक बाजू क्रमाने ऐकवलीत. त्याबद्दल मनापासून आभार.

त्यातले ‘माय स्वीट लॉर्ड’ हे गाणे मला पाठ होते, असे मी समजत होते. ‘हालेलुया’च्या जागी ‘हरे कृष्ण’ कधी येते, हे मी सांगू शकले असते. पण शेवटाकडे आपण नुसते बोट वर केलेत, आणि मागच्या गायकांच्या आवाजात ‘गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः’ प्रथमच माझ्या कानी पडले. शाळेत रोज प्रार्थनेला म्हटलेला श्लोक इतकी वर्षे मला त्या गाण्यात ओळखू आला नव्हता, याचे त्या क्षणी फार वाईट वाटले. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन यांनी आपल्याच फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांसह ‘वंडरवॉल म्युझिक’ या चित्रपट-संगीताच्या अल्बमसाठी ध्वनिमुद्रण केले होते आणि त्यात संतूरवर शिवकुमार शर्मा होते, हे आपण त्यानंतर सांगितलेत, तेव्हा तो श्लोक मला वरून चिकटवलेला वाटेनासा झाला.

‘इझन्ट इट अ पिटी’ हे गाणे अल्बममध्ये दोनदा का घेतले, हा माझा दुसरा आक्षेप होता. फोनवर ती नुसती पुनरावृत्ती वाटते. रेकॉर्डवर मात्र पहिले रूप पहिल्या बाजूच्या अखेरीस येते, सात मिनिटे फुगत जाते, आणि दुसरे थेट चौथ्या बाजूवर, अधिक संथ आणि उघडे होऊन भेटते. मधे आपण दोनदा रेकॉर्ड उलटलेली असते, एकदा बदललेली असते. तेच दुःख आता शांतपणे बोलते आहे, असे मला वाटले. माझ्या मते संपूर्ण अल्बममधले ते सर्वांत सच्चे गायन आहे.

निर्माते फिल स्पेक्टर यांच्या घुमाऱ्याबद्दलची तक्रार मात्र कायम आहे. ‘वा-वा’ या गाण्यात गाणारा माणूस वाद्यांच्या गर्दीत शोधावा लागतो. खुद्द हॅरिसन यांनीही २००१ च्या आवृत्तीसोबतच्या टिपणात, काही गाण्यांना त्या भव्यतेतून मोकळे करावेसे वाटते, अशा अर्थाचे लिहिले होते, म्हणून हे धीटपणे लिहिते आहे. तिसऱ्या रेकॉर्डवरचे वादकांचे मोकळे जॅमिंगही मला अजून रुचलेले नाही. आपण ते डोळे मिटून ऐकत होता. त्यात आपल्याला काय सापडते, ते येत्या रविवारी विचारायला येईन.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची श्रोती